शिया-सुन्नी संघर्षाची बातमी आणि पाश्चात्त्य धोरण कसे वाचावे

पश्चिम आशियातल्या स्फोटाची, निवडणुकीची किंवा क्षेपणास्त्रहल्ल्याची बातमी मराठी वृत्तपत्रात येते, तेव्हा तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ‘शियाबहुल’, ‘सुन्नी राजवट’ किंवा ‘इराणसमर्थक शिया बंडखोर’ यांपैकी एखादा शब्द हमखास असतो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात तो असतो म्हणून भाषांतरातही उतरतो. बातम्यांच्या टेबलावर बसून मीही हे कितीतरी वेळा केले आहे. शब्द खोटा नसतो, पण तो वाचल्याबरोबर भांडण कशावरून आहे हे आपल्याला कळले असे वाचकाला वाटते आणि पुढची सगळी बातमी तो त्याच समजुतीने वाचतो. ती समजूत बाजूला ठेवून बातमी आणि तिच्यामागचे अमेरिका-ब्रिटनचे धोरण कसे वाचावे, याची मला उपयोगी पडलेली रीत येथे मांडतो. संकटाच्या वेळी माणसे कोणाच्या आश्रयाला जातील हे पंथावरून बहुधा कळते. भांडण मुळात का सुरू झाले हे मात्र त्यावरून क्वचितच कळते. पाश्चात्त्य सरकारांची या प्रदेशात जी फसगत झाली, तिच्या मुळाशी बऱ्याचदा या दोन प्रश्नांची गल्लत आहे.

आधी मूळ भेद, गरजेपुरता

प्रेषित महंमद ६३२ साली निवर्तले. त्यांच्यानंतर समाजाचे नेतृत्व कोणी करावे, यावर मतभेद झाला. ज्यांनी अबू बकर यांची निवड मान्य केली त्यांच्या परंपरेतून पुढे सुन्नी पंथ घडला. नेतृत्वाचा अधिकार प्रेषितांचे जावई अली आणि त्यांच्या वंशाचा आहे असे मानणारे ते शिया, म्हणजे ‘अलींचा पक्ष’. अली चौथे खलिफा झाले, ६६१ साली त्यांचा खून झाला आणि ६८० साली त्यांचे पुत्र हुसेन करबला येथे यझीदच्या सैन्याकडून मारले गेले. मोहरमच्या दहाव्या दिवशी ज्या घटनेचा शोक केला जातो ती हीच.

बातमी वाचण्यासाठी याहून अधिक उपयोगाची गोष्ट म्हणजे दोन्हीकडच्या धर्मगुरूंची रचना. सुन्नी देशांत मशिदी आणि उलेमा बहुतांशी सरकारी पगारावर असतात. बारा इमामी शियांमध्ये, म्हणजे अलींपासूनच्या बारा इमामांना मानणाऱ्या सर्वांत मोठ्या शिया शाखेत, मात्र श्रद्धाळू माणूस एखाद्या वरिष्ठ धर्मशास्त्र्याला आपला मार्गदर्शक मानतो आणि ‘खुम्स’ ही धार्मिक वर्गणी त्याच्याकडे देतो. त्यामुळे इराकमधील नजफ किंवा इराणमधील कोमच्या धर्मगुरूंकडे सरकारवर अवलंबून नसलेला पैसा आणि अनुयायी असतात. शिवाय नजफ आणि तेहरान यांची मते सारखी नाहीत. धर्मशास्त्र्यानेच राज्य करावे हा खोमेनींचा सिद्धांत इराणच्या राज्यघटनेचा पाया आहे. नजफच्या जुन्या परंपरेतले बरेच मोठे धर्मगुरू तो त्या स्वरूपात मानत नाहीत. म्हणून बातमीत ‘शिया धर्मगुरूंनी आवाहन केले’ असे आले, तर कोणत्या गावाच्या धर्मगुरूंनी केले हे आधी पाहावे.

पंथ हा एकसंध रकानाही नाही. त्यात वेगवेगळ्या शाखा आहेत: येमेनचे हूती झैदी आहेत, सीरियाचे असद घराणे अलवी, लेबनॉनची हिजबुल्ला बारा इमामी. या तिघांना ‘शिया’ म्हणणे हे वारकरी, लिंगायत आणि महानुभाव यांना एकाच शब्दात बसवून त्यावरून त्यांचे मतदान सांगण्यासारखे आहे. जगातील मुस्लिमांत शियांचे प्रमाण साधारण १० ते १३ टक्के मानले जाते. इराण, इराक, अझरबैजान आणि बहारीन या देशांत ते बहुसंख्य आहेत.

हे अगदी प्राथमिक वाटेल, पण ज्यांच्या हाती धोरण होते त्यांनाही ते ठाऊक असायचेच असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीचे होऊ घातलेले अध्यक्ष सिल्वेस्त्रे रेयेस यांनी अल-कायदा ही कट्टर सुन्नी संघटना बहुधा शिया असावी, असे उत्तर एका पत्रकाराला दिले होते. मार्च २००८ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन अम्मानमध्ये म्हणाले की, इराण अल-कायदाच्या लोकांना प्रशिक्षण देत आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकारी सिनेटरने कानाशी लागून त्यांची चूक दुरुस्त केली. तेव्हा अमेरिकेला इराकमध्ये पाच वर्षे झाली होती.

भांडणाचे साल शोधा

‘चौदाशे वर्षांचे वैर’ हा शब्दप्रयोग आला की थांबावे. जानेवारी २०१६ च्या वार्षिक भाषणात बराक ओबामा यांनी तर पश्चिम आशियातील उलथापालथीची मुळे हजारो वर्षे जुन्या संघर्षांत असल्याचे सांगितले. इस्लामच अजून दोन हजार वर्षांचा झालेला नाही, हे तिथे कोणाला खटकले नसावे. वैर इतके जुने आणि आपोआप चालणारे असेल, तर त्यात बाहेरच्या कोणाचा हात नाही आणि कोणी काही करण्यातही अर्थ नाही, असा निष्कर्ष निघतो. धोरण आखणाऱ्याला तो सोयीचा असतो, म्हणूनच त्याबाबत सावध राहायचे.

प्रत्येक भांडणाला स्वतःचे साल असते. इराण मुळात शिया नव्हता. १५०१ साली शाह इस्माईल सफवीने तबरीझमध्ये बारा इमामी पंथ राजधर्म ठरवला आणि सुन्नी उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याशी असलेल्या सीमातंट्याला पंथाचे नाव मिळाले. सौदी अरेबिया आणि इराण यांच्या आजच्या चढाओढीचे साल त्याहून फार अलीकडचे, १९७९ आहे. त्याआधीच्या दशकात इराणचा शाह आणि सौदी राजा हे दोघे अमेरिकेच्या आखाती धोरणाचे ‘दोन खांब’ म्हणून ओळखले जात. एक शिया, एक सुन्नी, पण दोघे राजे, दोघे तेलवाले, दोघे साम्यवादाचे विरोधक. फेब्रुवारी १९७९ मध्ये तेहरानमध्ये राजेशाही गेली आणि राजेशाहीच इस्लामविरोधी आहे असे सांगणारी सत्ता आली, तेव्हा रियाधला धडकी भरली. दोन्हीकडचे पंथ आधीचेच होते. राज्यपद्धती बदलली होती.

मराठी वाचकाला यासाठी फार लांब जावे लागत नाही. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही या तिन्ही दरबारांनी कधी ना कधी शिया पंथ स्वीकारला होता. तरी ती एकमेकांशी सतत लढत राहिली. १६३६ साली शहाजहानने गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशाहाकडून तह लिहून घेतला, तेव्हा त्यात खंडणी होतीच, पण शुक्रवारच्या खुतब्यातून, म्हणजे नमाजाच्या वेळच्या प्रवचनातून, इराणच्या शाहाचे नाव काढून टाकण्याची अटही होती. वाचताना ही पंथाची अट वाटते. प्रत्यक्षात दख्खनच्या सुलतानाने इस्फहानकडे पाहू नये, आग्र्याकडे पाहावे, एवढेच मोगलांना हवे होते. बातमीतली धार्मिक अट पाहिली की मला हा तह आठवतो.

उलटे उदाहरण हाताशी ठेवा

पंथावरून मैत्री आणि शत्रुत्व ठरते असे बातमी सुचवत असेल, तर त्याच देशाच्या इतिहासातून त्याला छेद देणारे एक उदाहरण काढावे. ते जवळजवळ नेहमी सापडते.

येमेन हे यातले सर्वांत बोलके. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाने हूतींविरुद्ध हवाई मोहीम उघडली, अमेरिका आणि ब्रिटनने शस्त्रे दिली, आणि जगभर ‘सुन्नी सौदी विरुद्ध शिया हूती’ असे मथळे लागले. पण त्याच येमेनमध्ये १९६२ साली झैदी इमामाची सत्ता लष्करी बंडाने उलथवली गेली, तेव्हा हाच सौदी अरेबिया त्या झैदी इमामाच्या पाठीशी उभा राहिला होता. समोर इजिप्तच्या नासर यांनी पाठवलेले सैन्य होते, म्हणजे सुन्नी अरब. सौदी राजाला त्या वेळी शेजारच्या शियाची भीती नव्हती, प्रजासत्ताकाची होती. शिवाय हूतींशी २००४ ते २०१० या काळात लढाया करणारे अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह स्वतःही झैदी कुळातलेच.

इराण आणि अझरबैजान हे दोन्ही शियाबहुल शेजारी. तरी इराणचे ख्रिस्ती आर्मेनियाशी अधिक जमते, आणि अझरबैजानला शस्त्रे मिळतात ती इस्रायलकडून. हमास सुन्नी आहे आणि तिला तेहरानचे पाठबळ राहिले. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी ज्या कतारची नाकेबंदी केली तो कतारही सुन्नीच आहे. आणि १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात इराकच्या पायदळातले बहुसंख्य शिपाई शिया होते. ते आपल्या शिया भावांकडे पळून येतील ही तेहरानची अपेक्षा फोल ठरली.

मोजणी कोणी सुरू केली ते पाहा

पाश्चात्त्य धोरणाचा परिणाम पाहायचा असेल तर इराकपाशी थोडे अधिक थांबावे लागते, कारण तिथे बाहेरच्या सत्तेने पंथाचे कागदोपत्री काय केले हे दिसते.

१९२० साली ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला त्याआधी बगदादमध्ये शिया आणि सुन्नी मशिदींत संयुक्त सभा होत होत्या. एकाच कार्यक्रमात सुन्नींचा मौलूद (प्रेषितांच्या जन्माचा सोहळा) आणि शियांचा ताझिया (हुसेन यांचा शोक). उठाव मोडला गेला, १९२१ साली ब्रिटिशांनी हिजाझहून आणलेल्या फैसलला गादीवर बसवले आणि कारभार उस्मानी सैन्यात तयार झालेल्या, बहुतांशी सुन्नी, अधिकाऱ्यांच्या हाती गेला. १९२४ च्या नागरिकत्व कायद्याने प्रजेची विभागणी ‘उस्मानी मूळ’ आणि ‘इराणी मूळ’ अशी केली. उस्मानी काळात लष्कराची सक्ती टाळण्यासाठी ज्या कुटुंबांनी इराणी प्रजाजन म्हणून नोंद केली होती, त्यांत शिया पुष्कळ होते. एका आजोबांनी सैन्यात जायचे टाळले म्हणून झालेली ती नोंद कुटुंबाच्या कागदांत तशीच राहिली आणि १९८० साली सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने त्याच नोंदीवरून हजारो कुटुंबांचे नागरिकत्व काढून त्यांना इराणच्या सीमेपलीकडे ढकलले.

फेब्रुवारी १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी इराकी जनतेला सद्दामविरुद्ध पुढे येण्याचे जाहीर आवाहन केले. मार्चमध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द उठले. अमेरिकी सैन्य इराकच्या भूमीवर असतानाच सद्दामच्या हेलिकॉप्टरांनी तो उठाव चिरडला, कारण युद्धविरामाच्या बोलण्यांत हेलिकॉप्टर उडवण्याची मुभा दिली गेली होती आणि बगदाद पडले तर इराणचे फावेल ही धास्ती वॉशिंग्टनला व रियाधला सारखीच होती. २००३ साली अमेरिकी रणगाडे दक्षिणेत शिरले, तेव्हा लोकांनी फुले का उधळली नाहीत याचे आश्चर्य करणाऱ्यांनी ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट विचारात घेतली नव्हती.

मे २००३ मध्ये इराकचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी लागोपाठ दोन आदेश काढले: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणीतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढणारा पहिला, सैन्य विसर्जित करणारा दुसरा. जुलैमध्ये त्यांनी २५ सदस्यांचे शासकीय मंडळ नेमले. त्याची रचना पाहा: १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन, १ असिरियन. या तेरा शियांमध्ये हमीद मजीद मूसा होते, आणि ते इराकी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. आयुष्यभर ज्या माणसाने पक्षाचे लाल कार्ड बाळगले, त्याला खुर्ची मिळाली ती जन्माच्या पंथावर. यापुढे कोणत्याही इराकी पुढाऱ्याला सत्तेत वाटा हवा असेल, तर त्याने कोणत्या भाषेत बोलावे हे त्या दिवशी ठरून गेले. ब्रेमर यांच्या हेतूवर मला शंका नाही. सगळ्यांना प्रतिनिधित्व मिळावे असेच त्यांना वाटत असणार. पण मंडळाची यादी तयार करताना पक्ष, वर्ग, शहर-खेडे हे रकाने मागे पडले आणि पंथ व वंश हे पुढे आले.

याच काळात नजफचे आयतुल्ला अली सिस्तानी यांनी राज्यघटना निवडून आलेल्या लोकांनीच लिहिली पाहिजे असा फतवा दिला. त्यांनी ब्रेमर यांची एकदाही भेट घेतली नाही, आणि तरी अमेरिकेला आपला आराखडा बदलावा लागला. सुन्नी पक्षांपैकी बहुतेकांनी जानेवारी २००५ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला, फेब्रुवारी २००६ मध्ये सामर्राचा, शियांना पवित्र असलेला अस्करी दर्गा स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि बगदादमध्ये रस्तोरस्ती खून सुरू झाले. इराकी ओळखपत्रावर पंथ लिहिलेला नसतो. नाव लिहिलेले असते. तपासणी नाक्यावर बंदूकधारी ते नाव वाचत. उमर असेल तर सुन्नी, अब्दुल हुसेन असेल तर शिया. माणसे दोन-दोन ओळखपत्रे बाळगू लागली, आणि कोणत्या चौकात कोणते काढायचे हे पाठ करू लागली.

दोन तारखा शेजारी ठेवा

धोरण तत्त्वावर चालले आहे की हितसंबंधांवर, हे भाषणावरून ठरवू नये. एकाच आठवड्यातल्या दोन निर्णयांच्या तारखा शेजारी लिहाव्यात. १४ मार्च २०११ रोजी सौदी नेतृत्वाखालील आखाती फौजा पूल ओलांडून बहारीनमध्ये शिरल्या आणि राजधानी मनामातील निदर्शने मोडून काढण्यास राजघराण्याला आधार मिळाला. १९ मार्च रोजी फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेने लिबियात, नागरिकांच्या संरक्षणासाठी म्हणून, बॉम्बहल्ले सुरू केले. बहारीनचे राजघराणे सुन्नी, बहुसंख्य प्रजा शिया, आणि मनामातच अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचे मुख्यालय. निदर्शकांच्या सुरुवातीच्या घोषणांत ‘ना शिया, ना सुन्नी, फक्त बहारिनी’ अशी घोषणा होती. राजवटीने हे सगळे इराणचे कारस्थान असल्याचे सांगितले. पण राजानेच नेमलेल्या चौकशी आयोगाला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, विशिष्ट घटनांशी इराणचा संबंध समोर आलेल्या पुराव्यांवरून दाखवता आला नाही. येथे पंथाचे नाव वापरण्याचा फायदा कोणाला झाला, हा प्रश्न विचारला की वॉशिंग्टनचे मौनही समजते.

दुसऱ्या बाजूची चूकही करू नका

इतके वाचून पंथ म्हणजे निव्वळ पडदा आहे, खरे भांडण तेलाचे, असे मानण्याकडे कल होतो. ही चूक पहिलीइतकीच महाग पडते. जून २०१४ मध्ये तिक्रीतजवळच्या स्पायकर तळावरून पकडलेल्या तरुण सैनिकांतून इस्लामिक स्टेट या सुन्नी दहशतवादी संघटनेने शिया वेगळे काढले आणि दीड हजारांहून अधिक जणांना गोळ्या घातल्या. तिथे कोणी तेलाची विहीर मागत नव्हते. मोसूल शहर त्याच संघटनेच्या हाती पडल्यानंतर सिस्तानींनी शस्त्र उचलण्याचे आवाहन केले आणि हजारो तरुण भरतीला गेले; तिथेही हिशेब नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये सौदी अरेबियाने शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र यांना देहदंड दिला, तेहरानमधील सौदी वकिलातीवर जमाव चालून गेला आणि दोन्ही देशांचे संबंध तुटले. भीती एकदा पंथाच्या रेषेवर आखली गेली की ती खरी होते, मग ती कोणीही आखलेली असो.

पण ती कायमची राहते असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदी अरेबियाच्या अबकैक तेलप्रकल्पावर हल्ला झाला, अमेरिकेने इराणला जबाबदार धरले, तरी लष्करी प्रत्युत्तर दिले नाही. संरक्षणाची हमी आपण समजत होतो तेवढी पक्की नाही, हे रियाधने ओळखले. २०२१ मध्ये बगदादमध्ये बोलणी सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये बीजिंगमध्ये सौदी-इराण संबंध पुन्हा जोडले गेले. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ले केले, तेव्हा सौदी परराष्ट्र मंत्रालयाच्या निषेधपत्रकात इराणचा उल्लेख ‘बंधुराष्ट्र’ असा होता.

‘प्रॉक्सी’ किंवा ‘हस्तक’ हा शब्द आला तर तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात: पैसा कोणाचा, शस्त्र कोणाचे आणि आज्ञा कोणाची. हिजबुल्लाच्या बाबतीत तिन्हींची उत्तरे तेहरानकडे बोट दाखवतात. हूतींच्या बाबतीत शस्त्रांचे उत्तर तिकडे जाते, आज्ञेचे तितक्या सरळपणे जात नाही. त्यामुळे इराणशी करार केला की येमेनही शांत होईल, किंवा इराणवर बॉम्ब टाकले की होईल, ही दोन्ही गृहीतके कच्ची ठरतात.

ही रीत सीरियावर लावून पाहता येईल. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली. ‘अलवी सत्ता गेली, सुन्नी बहुसंख्याकांची आली’ हे वाक्य त्यावर सहज लिहिता येते. साल विचारा: हाफिज असद यांनी सत्ता घेतली ती १९७० मध्ये, बाथ पक्षाच्या आणि लष्कराच्या जोरावर. उलटे उदाहरण शोधा: दमास्कस आणि अलेप्पोतील सुन्नी व्यापारी घराणी दशकानुदशके त्या राजवटीबरोबर होती. निर्णय पाहा: नवे सत्ताधारी अहमद अल-शरा हे पूर्वी अल-कायदाशी जोडलेल्या संघटनेचे प्रमुख, अमेरिकेने त्यांच्यावर एक कोटी डॉलरचे इनाम लावलेले, ते डिसेंबरमध्येच मागे घेतले गेले. आता दोन तारखा. मार्च २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात लताकिया आणि तार्तूसच्या किनारपट्टीवर हजाराहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य अलवी नागरिक होते. १३ मे रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी रियाधमध्ये सीरियावरील निर्बंध उठवण्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी अल-शरा यांची भेट घेतली. मेमधल्या त्या भेटीचे वृत्त हाताशी असेल तर काढून पाहावे आणि त्यात मार्चमधल्या किनारपट्टीचा उल्लेख कितव्या परिच्छेदात आहे, किंवा आहे तरी का, हे मोजावे.